चेंडूकडे बघू नका, वहिनी

बोरशांची ओळख होण्याआधी त्यांच्या पाठीची झाली.

आम्ही डीमन या छोट्या डच गावातल्या या बिल्डिंगमध्ये राहायला आलो त्या दिवशी लिफ्टच्या दारात एक पाठ उभी होती. चांगली ऐसपैस, निळ्या स्वेटरमधली. लिफ्टचं दार मिटायला यायचं, त्या पाठीला टेकायचं आणि ओशाळून परत जायचं. आम्ही आमची खोकी, गाद्या, कुंड्या त्या पाठीच्या कडेनं आत सरकवत होतो. मला वाटलं, हा सामानवाल्यांचा माणूस. नवऱ्याला वाटलं, हा बिल्डिंगचा माणूस. सामानवाल्यांना वाटलं, हे आमचेच कोणीतरी, स्वभावानं थोडे विचित्र. वरच्या मजल्यावरच्या डच आजी लिफ्ट मिळेना म्हणून चिडून जिन्यानं खाली गेल्या, तर पाठीच्या वर एक गोल चेहरा मागे वळला, गोड हसून "सॉरी सॉरी" म्हणाला आणि पुन्हा तसाच उभा राहिला. शेवटच्या खोक्याबरोबर पाठही वर आली, दारातून बाजूला झाली आणि चोख मराठीत म्हणाली, "चला, झालं. वहिनी, घराचं दार लावून घ्या, वारं फार सुटलंय. आणि तो कुकर तुम्ही म्हणता तसा निळ्या खोक्यातच आहे, साहेबांचं चुकतंय."

म्हणजे कुकरवरून आमचं जे भांडण चाललं होतं ते या गृहस्थानं पाठमोऱ्यानं पहिल्यापासून शेवटपर्यंत ऐकलं होतं. नाव विचारायच्या आत तो जिन्यानं खाली निघूनही गेला. कुकर निळ्या खोक्यातच निघाला.

हे सुहास बोरसे. मूळ नाशिकचे, आमच्या खालच्याच मजल्यावर राहायचे आणि जवळच्याच झुइडओस्ट भागातल्या एका ऑफिसात सॉफ्टवेअर टेस्टिंग करायचे. पंचेचाळिशीच्या पुढचे. त्यांची बायको मीनल इथे आली तेव्हा नवऱ्याच्या व्हिसावर आली होती, आल्यावर डच शिकली आणि आता इथल्या पोरांना तलावात पोहायला शिकवते. गेल्या वर्षी तिला युट्रेख्टला मोठं काम मिळालं आणि दोघं तिकडे गेली. तेव्हापासून आमच्या लिफ्टचं दार वेळच्या वेळी मिटतं, आणि मला ते अजिबात आवडत नाही.

अडवणं हा बोरशांचा स्वभावच होता. मंडळाची सायकलची सहल निघाली की इथलं समोरून येणारं वारं माणसाला सायकलसकट उलटं घेऊन जातं. बोरसे आपोआप सगळ्यांच्या पुढे जायचे आणि म्हणायचे, "माझ्या मागे मागे या, गप्पा मारत या." मग अख्खं महाराष्ट्र मंडळ त्या निळ्या पाठीच्या आडोशानं, राजकारणावर वाद घालत, आरामात पोचायचं. पोचल्यावर सगळे म्हणायचे, आज वारं नव्हतं फारसं. बोरसे कपाळाचा घाम पुसत म्हणायचे, "नव्हतंच."

आणि पंगत. गणपतीत मंडळाचं जेवण असतं तेव्हा वाढायला बोरसे. त्यांना कुणी नेमलेलं नव्हतं, पण त्यांच्या हातातली पळी काढून घ्यायची कुणाची छाती नव्हती. त्यांचं एक वाक्य होतं, "वाढप्याकडे लोक बघायला लागले की समजावं, वरण संपलंय." नीट वाढलं तर कुणाला वाढपी दिसतच नाही, असं त्यांचं शास्त्र. ते स्वतः सगळ्यांच्या शेवटी, उभ्यानं, पातेल्याच्या बुडाचा खरवडलेला भात खायचे आणि तोच सगळ्यात चांगला असतो असं खोटं सांगायचे.

पण आग्रह करण्यात त्यांचा हात धरणारा मी आजपर्यंत पाहिलेला नाही. त्यांच्या मते पहिलं 'नको' ही सभ्यता, दुसरं 'नको' हा विचार, आणि तिसरं 'नको' आलंच तर ते खरं. ते तिसरं येऊच नये म्हणून त्यांच्याकडे एक ठेवणीतलं अस्त्र होतं. जिलबी ताटावर धरून ते वाकायचे, डोळे बारीक करायचे आणि हळूच म्हणायचे, "माझ्यासाठी." बस. डायबेटिसवाले जोशीसुद्धा यापुढे शरण गेलेले मी पाहिले आहेत. तुम्ही ताटावर दोन्ही हात आडवे धरून अंग वाकवलंत तरच वाचायची शक्यता, तीही बोटांच्या फटी बुजवल्या तर.

अशा माणसाला अमेरिकन फुटबॉल खेळायची बुद्धी झाली, त्याला कारण मेट्रो. सकाळी ऑफिसला जाताना एका स्टेशनवर एक म्हातारी उतरत होती आणि बाहेरची गर्दी आत घुसत होती. बोरसे दारात तिच्या पुढे उभे राहिले. कुणाला ढकललं नाही, हात लावला नाही, नुसते पाय रोवून उभे राहिले, आणि म्हातारी त्यांच्या मागून बाजारात निघाल्यासारखी सावकाश उतरली. हे त्यांच्याच ऑफिसातला यरून नावाचा एक काटकुळा, उंच पोरगा बघत होता. तो एका हौशी क्लबात क्वार्टरबॅक होता. त्यानं बोरशांना तिथेच विचारलं, "तुम्ही हे आणखी कुठे करता?"

आता या खेळातलं मला कळलं तेवढं सांगते. क्वार्टरबॅक म्हणजे चेंडू फेकणारा. त्याच्या पुढ्यात पाच दांडगे लोक एका ओळीत उभे असतात, त्यांना लाइन म्हणायचं. समोरचा संघ क्वार्टरबॅकला लोळवायला धावतो आणि या पाचांनी त्यांना अडवायचं. चेंडू फेकणाऱ्याचे फोटो निघतात, झेलणाऱ्याच्या नावानं लोक ओरडतात. या पाचांच्या वाट्याला आयुष्यात चेंडू येत नाही. बोरशांनी हे ऐकलं आणि घरी येऊन मीनलला म्हणाले, "अगं, इथे वाढप्यांचा खेळ असतो!"

मीनल म्हणाली, "अरे सुहास, तुझा गुडघा जिना उतरताना कुरकुरतो."

"म्हणून तर. यात पळायचं नाहीये, उभं राहायचंय."

मीनलनं त्यांना बळंच आमच्या हाऊसआर्ट्सकडे, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर मना करेल अशी तिला आशा होती. डॉक्टरबाई म्हणाल्या, हालचाल चांगली, दुखलं तर पॅरासिटामॉल घ्या. मीनल पुढे आठवडाभर डॉक्टरबाईंवर रागावलेली होती.

त्यांचा पहिला सामना बघायला मी गेले ते मीनलला सोबत म्हणून, आणि खरं सांगायचं तर हसायला मिळेल म्हणून. बोरशांनी मैदानावर जाण्याआधी मला बजावलं, "वहिनी, चेंडूकडे बघू नका. चेंडूकडे बघितलंत तर आमचं काहीच दिसणार नाही." मी हो म्हटलं आणि सबंध सामनाभर चेंडूकडे बघितलं. माणसाचे डोळे चेंडूमागेच जातात, त्याला मी काय करणार? सामना संपल्यावर त्यांनी विचारलं, "कसा झालो?" मी म्हटलं, "छानच की हो भाऊजी." त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं ते ताटात भाजी तशीच ठेवणाऱ्याकडे बघतात.

एक गोष्ट मात्र मला दिसली. समोरच्या गड्याला आडवा केला की बोरसे लगेच त्याला हात देऊन उठवायचे, त्याच्या हेल्मेटला हेल्मेट जवळजवळ लावून खालच्या आवाजात काहीतरी विचारायचे, आणि तो गडी दचकून मागे सरायचा. मध्यंतरात समोरच्या संघानं पंचाकडे तक्रार केली की तो जाडा माणूस दर वेळी परक्या भाषेत धमकी देतो. पंचानं क्लबच्या कोचला बोलावलं. कोच रामदीन हे सुरिनामचे, त्यांचे पणजोबा बिहारकडून तिकडे गेलेले, त्यामुळे हे भांडण सोडवायला आपणच योग्य असं त्यांना वाटलं. त्यांनी बोरशांना विचारलं, तू नक्की काय म्हणतोस? बोरसे म्हणाले, "मी विचारतो, 'जास्त लागलं का हो?'" रामदीननी त्याचं डचमध्ये भाषांतर केलं. समोरच्या संघाला ते पटलं नाही. उत्तरार्धात बोरशांच्या समोर उभं राहायला कुणी तयार होईना, आणि क्लब तो सामना जिंकला.

यरूनचा आणि त्यांचा स्नेह मग घरापर्यंत आला. होळीला बोरशांनी त्याला पुरणपोळीला बोलावलं, आम्हीही होतो. बिचाऱ्याला काय माहीत! दुसरी पोळी आली तेव्हा तो हसून म्हणाला, "ने, दांक ये." म्हणजे नको, आभार. त्याच्या देशात एवढ्यावर विषय संपतो. बोरशांच्या घरी त्यानं विषय सुरू झाला. तिसरी, चौथी, वर तुपाची धार. यरून प्रत्येक वेळी नाही म्हणत होता आणि प्रत्येक वेळी खात होता, आणि त्याच्या चेहऱ्यावर एक घाबरा अचंबा पसरत चालला होता. शेवटी बोरसे वाकले आणि म्हणाले, "माझ्यासाठी." त्याला शब्द कळला नाही, पण डोळे कळले. तीही त्यानं खाल्ली आणि सोफ्यावर जाऊन आडवा झाला.

जाताना त्यानं मीनलला विचारलं की तुमच्याकडे थांबवायचा शब्द कोणता आहे? मीनल म्हणाली, तसा शब्द नाही. मग तिनं त्याला ताटावर हात आडवे कसे धरायचे ते करून दाखवलं. त्यानं दारात उभं राहून दोनदा सराव केला. आणि मग विचारलं, "पण तो शेवटी काय म्हणाला?" मीनलनं अर्थ सांगितला. त्यानं तो शब्द एकदा स्वतःशी पुटपुटून पाहिला आणि सायकलवर बसून गेला.

त्या वर्षी क्लब जिंकतच सुटला. मला खेळातलं ओ की ठो कळत नसतानाही मी आरडाओरडा करायला लागले, यावरून ओळखा. यरून बाणासारखा चेंडू फेकायचा आणि अंगावर कुणी आलं तर मांजरासारखा निसटायचा. सगळे त्याच्यावर खूश. फक्त बोरसे सामना संपला की यरूनच्या मागे जाऊन त्याची पाठ बघायचे. "पाठीवर माती असली, की समजायचं लाइन गळतेय," ते म्हणायचे. सुरुवातीला ती पाठ स्वच्छ असायची. पुढे पुढे माती दिसायला लागली. पावसाळी हवा आहे, माती लागणारच, असं सगळे म्हणाले.

शेवटच्या शेवटच्या एका सामन्यात बोरशांच्या डाव्या बाजूनं एक जवान गडी सुटला. बोरसे वळले, पण गुडघा वळायला तयार नव्हता. त्या गड्यानं यरूनला असा आपटला की आमच्या बाकावर मीनलनं डोळे मिटले. यरून उठला, हसला, पुढचाच चेंडू लांब फेकला आणि सामना जिंकून दिला. लोकांनी त्याला खांद्यावर घेतलं. बोरसे त्या दिवशी घरी जेवले नाहीत. जो माणूस दुसऱ्याचं 'नको' ऐकत नाही त्यानं स्वतः 'नको' म्हटल्यावर मीनल घाबरून वर माझ्याकडे आली.

दुसऱ्या दिवशी ऑफिसात बोरशांनी पाहिलं की कुणी हाक मारली की यरून मान वळवत नाही, सगळी खुर्ची वळवतो. बोरशांनी विचारलं तर म्हणाला, झोपेत अवघडली. बोरसे टेस्टिंगवाले. गोष्ट चालतेय म्हणून ती धड आहे असं मानायचं नाही, याचाच ते पगार घेत होते. त्यांनी मला जिन्यात गाठून सांगितलं, "वहिनी, पोरगं जिंकतंय म्हणून कुणाला दिसत नाहीये. तो निसटतो म्हणून आपण जिंकतोय, आम्ही अडवतो म्हणून नाही. एक दिवस निसटणार नाही. मग काय, जिंकलेल्या सामन्यांची माळ घालायची त्याच्या मोडलेल्या मानेत?"

सीझन संपल्यावर क्लबची सभा भरली, पुढच्या वर्षी बाहेरून कोण आणायचं ते ठरवायला. ती मैदानाशेजारच्या क्लबच्या कॅन्टीनमध्ये होती, घरच्यांनाही यायची मुभा होती, म्हणून मीनल आणि मी मागच्या बाकावर. सुरुवातीला कॉफी आली. बिस्किटांचा डबा एकदा फिरला, प्रत्येकानं एकेक घेतलं आणि अध्यक्षबाईंनी झाकण घट्ट लावलं. बोरशांनी त्या झाकणाकडे दुःखानं पाहिलं.

मग चर्चा. क्लबला एकच चांगला गडी आणणं जमणार होतं. बहुतेकांचं म्हणणं, झेलणारा आणा, म्हणजे आणखी गुण होतील. एकजण म्हणाला, जिंकणाऱ्या संघाला हात लावू नये, आहे तसंच चालू द्या. कोच रामदीन म्हणाले, पळणारा मिळाला तर बघा. लाइनचं नाव कुणी काढलं नाही. वरण संपलं नव्हतं ना!

बोरसे उठले. इंग्रजीत बोलले, पण अगदी पंगतीत बोलतात तसे, हात पोटावर बांधून. म्हणाले, "क्लायंट खूश असतो तेव्हाच टेस्टिंग करायचं असतं. तो रडायला लागल्यावर करून उपयोग नाही. आपण जिंकतोय, म्हणून आपल्याला लाइन सुधारायला सवड आहे. हरायला लागल्यावर सवडही नसेल आणि यरूनही नसेल. झेलणारा कितीही चांगला आणा, फेकणारा जमिनीवर पडलेला असेल तर तो काय झेलणार?" लोक माना डोलवायला लागले. मीनलनं मला कोपर मारलं, तिचा चेहरा फुलला होता.

तिथे ते थांबले असते तर हा लेख इथेच संपला असता. पण बोरसे मराठी माणूस. त्यांनी पुढे म्हटलं, "आणि सुरुवात माझ्या जागेपासून करा. मी आता म्हातारा झालो, हळू झालो. माझ्या जागी कुणीतरी तरुण आणा." आणि ते खाली बसले.

आता पुढे काय व्हायला हवं ते तुम्हाला माहीत आहे, मला माहीत होतं, मीनलला माहीत होतं. कुणीतरी म्हणायचं, छे छे, भलतंच काय! दुसऱ्यानं म्हणायचं, तुमच्याशिवाय लाइन कसली? तिसऱ्यानं हात धरायचा. मग बोरशांनी, बरं, तुम्ही एवढं म्हणताय तर एक वर्ष अजून, असं म्हणून मान तुकवायची. बोरसे खाली बघत त्याची वाट पाहत होते. त्यांच्या ओठांवर ते 'बरं' तयार होतं, मला मागच्या बाकावरून दिसत होतं.

अध्यक्षबाई म्हणाल्या, "थँक यू सुहास, हे फार स्पष्ट आहे. कुणाचा विरोध?" कुणाचा नव्हता. "छान. मग लाइनसाठी डाव्या बाजूचा माणूस." आणि पुढच्या विषयाला लागायच्या आधी सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. अगदी मनापासून! एवढा प्रामाणिक माणूस त्यांनी पाहिला नव्हता. त्यांच्या दृष्टीनं सुंठीवाचून खोकला गेला होता. यरून तर उठून आला, बोरशांच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाला, "बरं झालं तूच बोललास. मला कसं सांगावं कळत नव्हतं."

बोरसे हसले. ते हसू लिफ्टच्या दारातलं नव्हतं.

ट्रॅममध्ये तिघं शेजारी बसलो. शेवटी मीनलला राहवलं नाही. "हात दाखवून अवलक्षण! कुणी सांगितलं होतं?"

"बोललो ते खरंच होतं," बोरसे खिडकीबाहेर बघत म्हणाले. "माझ्याच बाजूनं सुटला होता तो. पण खरं बोललं म्हणून काय झालं? आग्रह नको? एकदा तरी म्हणायचं ना!" आणि जरा थांबून, "दोनदा म्हटलं असतं तरी मी नाहीच म्हणणार होतो." आम्ही दोघींनी एकमेकींकडे पाहिलं. नाही म्हणणारा चेहरा नव्हता तो. एवढ्या मोठ्या देहाचा माणूस त्या ट्रॅमच्या बाकावर अगदी आवरून बसला होता, आणि मला त्या सगळ्या टाळ्या वाजवणाऱ्यांचा राग आला. खरं तर त्यांची काही चूक नव्हती. माणसानं जागा सोडतो म्हटलं, त्यांनी ऐकून घेतलं. ऐकून घेणं हा आमच्यात अपमान असतो, हे त्यांना कोण सांगणार?

बोरसे काही दिवस क्लबात फिरकले नाहीत. ऑफिसातून सरळ घरी येत आणि बाल्कनीतल्या मेथीला पाणी घालत. त्या थंडीत मेथी उगवणार नव्हती हे त्यांनाही ठाऊक होतं. मग नवा गडी आला. क्विन्सी नाव, झुइडओस्टचाच, दारातून तिरका होऊन येणारा. ताकद दांडगी, पण पाय जागेवर ठरत नाहीत, असं रामदीननी फोनवर सांगितलं. सांगून झाल्यावर म्हणाले की बाकी काही काम नव्हतं, सहज फोन केला. रामदीनच्या पणजोबांनी आडून बोलावण्याची एवढी रीत तरी बोटीतून सुरिनामला नेली होती.

पुढच्याच शनिवारी आमच्या लिफ्टच्या दारात दोन पाठी दिसल्या. बोरसे क्विन्सीला उभं राहायला शिकवत होते. क्विन्सीनं दारात उभं राहायचं, बोरशांनी आतून बाहेर यायचा प्रयत्न करायचा. "खांद्यानं नाही रे, कमरेनं! खाली बस, खाली बस!" हे मराठीत, आणि क्विन्सी बरोबर खाली बसायचा. वरच्या आजी यांच्यामुळे पुन्हा जिन्यानं गेल्या. मग लिफ्टमध्ये नोटीस लागली की इथे व्यायाम करू नये. क्विन्सी नोटिशीच्या दिवशी बोरशांकडे जेवून गेला. त्याला ताटावर हात धरायला कुणी शिकवलं नव्हतं, आणि त्याला गरजही नव्हती. बोरशांना असा खाणारा आयुष्यात पहिल्यांदा भेटला. त्या दिवशी पातेल्यात खरवडायलासुद्धा काही उरलं नाही. बोरशांनी मीनलला हळूच सांगितलं, "लाइनला हाच बरोबर आहे."

दुसऱ्या सीझनला बोरसे मैदानाच्या कडेला उभे राहून पाणी वाटायला लागले. नाव यादीत राखीव म्हणून ठेवलं होतं, पण ते म्हणायचे, "छे, माझं झालं. मी आता फक्त पाणी." संघ गेल्या वर्षीसारखाच जिंकत होता, आणि का ते फारसं कुणी विचारत नव्हतं. यरून मात्र आता हाक मारली की मान वळवायचा.

अंतिम सामन्याला आम्ही सगळे गेलो. सकाळपासून पाऊस, मैदानाचा नुसता चिखल. बोरसे गळ्यापर्यंत चेन लावलेल्या मोठ्या रेनकोटात पाण्याच्या बाटल्या घेऊन फिरत होते. मी म्हटलं, "भाऊजी आज फारच फुगलेले दिसतात." मीनल म्हणाली, "दोन स्वेटर घातलेत म्हणाला." समोरचा संघ तगडा होता, सारखा क्विन्सीवर चालून येत होता, आणि क्विन्सी कमरेत खाली बसून लिफ्टच्या दारासारखा त्यांना परत पाठवत होता. शेवटी आपण पुढे होतो, चेंडू आपल्याकडे आला होता आणि जेमतेम एका खेळीपुरता वेळ उरला होता. अशा वेळी, मीनलनं मला समजावलं, काही करायचं नसतं. लाइन उभी राहते, क्वार्टरबॅक चेंडू घेऊन एक गुडघा जमिनीला टेकवतो आणि खेळ संपतो.

सगळे मैदानात गेले. यरून जाता जाता कडेला थांबला. क्विन्सी बाहेर येऊन त्याच्या बाजूला उभा राहिला. यरून बोरशांना म्हणाला, "सुहास, ये. ही खेळी तुझी."

बोरसे म्हणाले, "नको नको. पोरांना खेळू दे."

हे पहिलं. पंच शिट्टी तोंडात धरून बघत होता. डच पोरगं! याला पहिलं 'नको' पुरतं.

यरून हलला नाही. "ये ना, सुहास."

"अरे, गुडघा बघ माझा. नाही जमायचं." आणि बोरशांनी दोन्ही हात समोर आडवे धरले, ताटावर धरतात तसे.

यरूननं त्या हातांकडे पाहिलं. मग तो उंच पोरगा कमरेत वाकला, डोळे बारीक केले आणि चिखलानं भरलेल्या हेल्मेटातून, झ आणि ठ चा पार चेंदामेंदा करत, मराठीत म्हणाला, "माझ्यासाठी."

बोरशांनी आडवे हात खाली घेतले. मग म्हणाले, "बरं. एवढं म्हणतोयस तर." आणि रेनकोटाची चेन खाली ओढली.

आत स्वेटर नव्हते. खांद्याच्या ढाली, निळी जर्सी, सगळा जामानिमा घरून अंगावर चढवून माणूस पाणी वाटायला आला होता! हेल्मेट बाटल्यांच्या क्रेटखालून निघालं. मीनल रडता रडता ओरडली, "लबाड!" रामदीननी दुसरीकडे बघितलं. माझ्या समोरून जाताना बोरशांनी हेल्मेटातून मला दटावलं, "चेंडूकडे बघू नका, वहिनी."

ते जाऊन डाव्या बाजूला उभे राहिले. कमरेत खाली बसले, गुडघा कुरकुरला असेल, मला ऐकू आलं नाही. ती निळी पाठ पावसात भिजत होती. समोरचे गडी थकले होते, त्यांनाही ठाऊक होतं की आता काही होणार नाही, पण बोरसे असे उभे होते की त्यांच्या मागून म्हातारी मेट्रोतून उतरत असावी. शिट्टी झाली, सगळं मैदान ओरडायला लागलं. यरून उठला, तेव्हा त्याच्या गुडघ्यावर मातीचा एक गोल डाग होता. बोरसे नेहमीसारखे त्याच्या मागे गेले आणि त्यांनी त्याची पाठ तपासली. ती स्वच्छ होती.

त्या खेळीत चेंडू कुठे होता ते मात्र मला विचारू नका.